साठ रोपं आणि एकही मेलं नाही

अनंत चतुर्दशी होऊन आठेक दिवस झाले असतील. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली पहिली शिफ्ट संपवून घरी येत होतो, तर तिसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडं एक टेम्पो उभा. मागचं फाळकं पाडलेलं, त्यावर काळ्या पिशव्यांतली हिरवीगार रोपं आणि वर मराठीत ठळक फलक: 'महाबळेश्वरची अस्सल स्ट्रॉबेरी'. मुलगी शाळेच्या सहलीबरोबर पाचगणीला जाऊन आल्यापासून घरात स्ट्रॉबेरीचा जप चालू होताच. गाडी बाजूला घेतली.

विकणारा पस्तिशीतला, गोडबोल्या. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "या साहेब, बेळगावात मराठीत बोललं की कसं घरी आल्यासारखं वाटतंय." आता हे वाक्य आमच्याकडं काय काम करतं ते बाहेरच्याला कळणार नाही. आम्हाला बसच्या पाटीवर, बँकेच्या अर्जावर, कुठंही चार मराठी अक्षरं दिसली की बरं वाटतं. सातारकडचा माणूस एवढ्या लांब येऊन आपल्याशी आपल्या भाषेत बोलतोय म्हटल्यावर मी निम्मा तिथंच विरघळलो. उरलेला निम्मा "आपल्या सीमाभागातल्या माणसाला पाच रुपये कमी" या वाक्यानं विरघळला. पन्नासचं रोप पंचेचाळीसला.

त्यानं चवीला एक फळंही दिलं. गार होतं, दातांना चांगलंच लागलं, मधे बर्फाची कचकचसुद्धा होती. मी मनात म्हटलं, महाबळेश्वरची थंडी! हसू नका. सप्टेंबरात महाबळेश्वरात स्ट्रॉबेरीच्या नवीन लागणीची गडबड असते, फळ सुरू व्हायला नोव्हेंबर-डिसेंबर उजाडतो. मला त्यानं फ्रीझरमधलं जुनं फळ चारलं होतं. पण हे मला पुढं कळलं.

साठ रोपं घेतली, २,७०० रुपये. वर कोकोपीटच्या विटा आणि कसल्याशा टॉनिकच्या दोन बाटल्या मिळून १,२०० चा 'किट'. एकूण ३,९००, फोनवरून तिथल्या तिथं दिले. बिल मागितलं तर म्हणाला, पुस्तक संपलंय, व्हॉट्सॲपवर टाकतो. एक कार्ड दिलं. आणि सूचना मात्र अगदी तपशिलात दिल्या: गाभा, म्हणजे पानं फुटतात तो भाग, मातीत गाडायचा नाही, कुजतो, उघडाही ठेवायचा नाही, वाळतो, मातीच्या पातळीला ठेवायचा. दोन रोपांत एक फूट अंतर. खाली भाताचं पिंजर पसरायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे दिवाळीपर्यंत एकही कळी ठेवायची नाही, दिसली की खुडायची. "आधी झाड ताकद धरू दे, मग बघा फळाचा लोड." गॅरंटी ४५ दिवसांची. रोप मेलं तर बदलून.

यातली एकही सूचना खोटी नव्हती. नवीन लावलेल्या स्ट्रॉबेरीच्या पहिल्या कळ्या खुडतात, हे कुठल्याही बागायतदाराला विचारा. म्हणूनच मला हे सविस्तर लिहावंसं वाटतंय. मी खोट्या बोलण्याला फसलो असतो तर गप्प बसलो असतो. मी फसलो ते खऱ्या माहितीला.

पुढचे दीड महिने आमच्या परड्यात नुसता उत्साह. मुलगी शाळेला जायच्या आधी वाकून वाकून हिरव्या, बारक्या कळ्या खुडायची आणि वाटीत मोजायची. एका दिवशी सव्वीस! रोपं एवढी फोफावली की धावत्या फांद्या वाफ्याबाहेर जाऊन नारळाच्या आळ्यात मुळं धरायला लागल्या. बायको शेजारणीला म्हणाली, "आमच्यात एक रोप मेलं नाही बघा." मला तेव्हाच खटकायला हवं होतं. मी लेथवर काम करणारा माणूस, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाला माल परत पाठवतो, आणि इथं साठातलं एकही रोप जाऊ नये याचं मला कौतुक.

दिवाळीत बेळगुंदीहून आबा आले. माझे वडील, आयुष्यभर रताळी आणि बटाटा केलेले. पाडव्याच्या सकाळी परड्यात उभं राहून म्हणाले, "फूल पिवळं हाय रे याचं." भाऊबीजेला कळ्या खुडायच्या थांबवायच्या असं ठरलं होतं, पण एक पानाखाली राहून उमललेली. मी म्हटलं, असेल. आबा म्हणाले, "असेल काय? तुझ्या लेकीच्या वहीवर स्ट्रॉबेरी हाय, तिचं फूल पांढरं काढलंय की."

वहीवरचं चित्र बरोबर होतं. पंधरा-वीस दिवसांत फळं आली. लालभडक, गोल, करवंदाएवढी, आणि आभाळाकडं तोंड करून उभी. मुलीनं पहिलं तोंडात टाकलं आणि माझ्याकडं बघितलं. पाणी चावल्यासारखं लागतंय म्हणाली. मीही खाल्लं. गोड नाही, आंबट नाही, वास नाही, नुसत्या बिया.

कारखान्यातल्या एका मित्राची बहीण कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते. तिला फोटो पाठवला. तिनं दोन मिनिटांत सांगितलं की ही खोटी स्ट्रॉबेरी, डोंगराळ भागात तणासारखी वाढणारी. विषारी नाही, पण खाण्यात काही अर्थही नाही. पान तसंच तिपानी, फांद्या तशाच धावणाऱ्या. फरक फुलात आणि फळात. खऱ्या स्ट्रॉबेरीचं फूल पांढरं आणि फळ वजनानं खाली लोंबतं. हिचं फूल पिवळं, फळ वर तोंड करून, आणि बिया रव्यासारख्या वर आलेल्या. तिनं आणखी एक गंमत सांगितली. या तणाचं जुनं शास्त्रीय नाव 'डुशेनिया', ते डुशेन नावाच्या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञावरून पडलं. आणि आपण खातो ती मोठी स्ट्रॉबेरी म्हणजे चिलीची एक आणि उत्तर अमेरिकेची एक अशा दोन जातींचा युरोपात झालेला संकर आहे, हे १७६६ साली ओळखलं ते याच डुशेननं. खरी ओळखणाऱ्याचं नाव खोटीला! त्या दिवशी मला यात गंमत वाटण्यासारखी परिस्थिती नव्हती, पण आता वाटते.

तेव्हा सगळं डोक्यात जुळलं. टेम्पोतल्या रोपांच्या देठांची टोकं तुटलेली होती. त्यानं फुलं आधीच काढून टाकली होती. दिवाळीपर्यंतची उरलेली माझ्या लेकीकडून काढून घेतली. गॅरंटी मरण्याची दिली आणि रोप असं दिलं की मारायचं म्हटलं तरी मरत नाही. ४५ दिवस संपत आले आणि फूल उमललं. शिवाय तोवर लागणीचा हंगाम गेला, म्हणजे त्या वर्षी दुसरीकडून आणायची सोयही उरली नाही.

इथं थांबलो असतो तर ३,९०० वर भागलं असतं. पण मी कार्डावरच्या नंबराला फोन केला. त्यानं उचलला, हे विशेष. चिडला नाही, उलट हळहळला. "नर्सरीवाल्यानं आम्हालाच फसवलं बघा साहेब. पूर्ण रिफंड देतो." दुसऱ्या दिवशी दुपारी, मशीन चालू असताना, व्हॉट्सॲपवर एक क्यूआर कोड आला आणि पाठोपाठ फोन. स्कॅन करा, ३,९०० दिसतील, पिन टाका, पैसे जमा होतील. एका हातात फोन, दुसऱ्या हातात चिंधी, शेजारी ग्राइंडरचा आवाज. मी पिन टाकला. जमा काही झालं नाही, आणखी ३,९०० गेले.

पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्याकडून जाणार. हे मला माहीत होतं. मी स्वतः आबांना समजावून सांगितलेलं होतं. म्हणून लाजेनं तीन दिवस घरात कुणाला बोललो नाही, आणि खरं नुकसान त्या तीन दिवसांनी केलं. १९३० या सायबर हेल्पलाइनला तासाभरात फोन गेला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. मी केला तेव्हा तक्रार क्रमांक मिळाला, पैसे केव्हाच पुढं सरकले होते. पोलीस ठाण्यात गेलो तर तिथले हवालदार शांतपणे म्हणाले, "अर्जी कन्नडदल्ली कोडी." मला कन्नड बोलता येतं, लिहिताना पाय लटपटतात. शेवटी लेकीनंच अर्ज लिहिला, शाळेत तिला कन्नड आहे. कळ्या खुडल्याचंही तिनं त्यात लिहिलं होतं, मी ते वाक्य काढायला लावलं.

ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबरही लावून बघितला. ग्राहक आयोगाबद्दल एका वकिलांना विचारलं. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, विकणारा महाराष्ट्रातला असला म्हणून अडत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही. पण मग त्यांनी विचारलं, "तक्रार कुणाविरुद्ध?" माझ्याकडं बिल नाही, पत्ता नाही, टेम्पोच्या नंबरचा फोटो नाही. कार्डावरचं नाव आणि पैसे गेलेल्या खात्याचं नाव वेगवेगळं. त्या खात्यावरचं नाव मी पैसे देताना स्क्रीनवर बघितलं होतं, आणि तरी पुढं गेलो होतो.

तेव्हा कुणी दारात, रस्त्याला, जत्रेत स्ट्रॉबेरीची रोपं विकत असेल तर एक काम करा. फुलासकट एक रोप दाखव म्हणा. पांढरं फूल बघितल्याशिवाय पाकीट काढू नका. नसेल तर सरळ पुढं चला. जातीचं नाव आणि गाव लिहिलेलं बिल घ्या. बियांच्या पाकिटाच्या तर वाटेलाच जाऊ नका. माझ्या मेहुणीनं ऑनलाइन निळ्या स्ट्रॉबेरीचं बी मागवलं होतं. निळी स्ट्रॉबेरी जगात नाही, पण पाकिटावर फोटो होता. पेरायच्या आधी रात्री पाण्यात भिजत घातलं, सकाळी बघते तर वाटीभर बुळबुळीत फुगलेला सब्जा. तिनं निदान त्याचं सरबत केलं. आणि खऱ्या स्ट्रॉबेरीचं बी मिळालं तरी त्यातून आईसारखंच झाड येईल असं नाही; तिची लागण धावत्या फांदीच्या रोपानंच करतात. आबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग रताळ्यासारखंच की. आम्ही वेलच लावतोय, बी कोण लावतंय?" मी टेम्पोवरनं रोपं घेण्याआधी त्यांना एक फोन केला असता तर?

गेल्या ऑक्टोबरात साताऱ्याकडं माल घेऊन जाणाऱ्या आमच्या ड्रायव्हरला सांगून वाईजवळच्या एका रोपवाटिकेतून तीस रोपं आणवली. एक १२ रुपयाला, बिलावर जात लिहिलेली, विंटर डॉन. पहिल्या पंधरवड्यात चार मेली. मला बरं वाटलं. नोव्हेंबरात पहिली कळी उमलायला आली तेव्हा घरातली सगळी माणसं वाफ्याभोवती. पांढरी निघाली.

फुलापासून फळ पिकायला महिनाभर लागला. पिंजराखाली गोगलगाई येतात, त्या रात्री बॅटरी घेऊन वेचाव्या लागतात. बुलबुल तर आपल्याआधी दिवस मोजून बसलेला असतो, म्हणून वर जुनी मच्छरदाणी बांधली. फळ देठापर्यंत लाल झाल्याशिवाय तोडायचं नाही, कारण तोडल्यावर रंग चढला तरी गोडी वाढत नाही. बाजारातली देठाजवळ पांढरी का असते आणि अशी आंबट का लागते ते तेव्हा कळलं. प्रवासाला टिकावी म्हणून ती आधीच तोडतात. सकाळी उन्हं यायच्या वेळी तोडलेल्या फळाचा वास हाताला दुपारपर्यंत राहतो, कारखान्यात ऑइलच्या वासातसुद्धा मला तो येत होता.

पहिल्या खेपेला सात मिळाल्या. आबा त्या दिवशी बाजाराला आलेले, त्यांना सगळ्यांत मोठी दिली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली, देठ काढला, खाल्ली, आणि म्हणाले, "बरी हाय. पण रताळं भाजलंस तर दोन दे."