दाढेच्या स्क्रूला ‘चांदीचं कोटिंग’ : माझे 32,500 गेले

सातपूरच्या कारखान्यात मी बावीस वर्षं इनवर्ड इन्स्पेक्शनला होतो. प्लेटिंग-कोटिंग होऊन आलेल्या मालाची एक पेटीसुद्धा टेस्ट सर्टिफिकेटशिवाय गेटच्या आत घेतली नाही. आणि स्वतःच्या तोंडात काय बसतंय हे विचारलं नाही. लिहितानाही लाज वाटते.

खालच्या दोन दाढा गेलेल्या. गंगापूर रोडवरच्या एका चकाचक क्लिनिकमध्ये इम्प्लांटचे, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दाढ, प्रत्येकी 28,000 ठरले. मग हळूच कोटिंग निघालं. “काका, तुम्हाला शुगर आहे. स्क्रूवर जंतूंचा थर बसला की हाड झिजतं. नॅनो सिल्व्हर घ्या, जंतू फिरकणार नाहीत.” दाढेमागे 14,500, वर ‘लाइफटाइम’ कार्डाचे 3,500. एकूण 88,500, त्यातले 32,500 या कोटिंग-कार्डापायी.

शुगर ताब्यात नसली तर इम्प्लांटभोवती संसर्गाचा धोका वाढतो, हे खरंच आहे. चांदी, जस्त, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या थरांवर संशोधन चालू आहे, हेही खरं. मी मोबाइलवर वाचलं होतं! अडाणी म्हणून नाही फसलो, अर्धं खरं होतं म्हणून फसलो. बायको म्हणालीसुद्धा, “स्कूटरला टेफ्लॉन मारून घेतलंत तेव्हाही असंच झालं होतं.” मी तिच्यावरच खेकसलो.

कोटिंगचे पैसे कुठल्याशा ट्रेडर्सच्या नावावर स्कॅन करायला लावले. तिथंच उठायला हवं होतं. बिल एकाच नावाचं, एकाच रकमेचं मागा.

पण खरा चटका पुढचा. खुर्चीत आडवा होतो, डोळे उघडे. असिस्टंटनं डबीतला स्क्रू पुढे केला, डॉक्टरनं त्यावर सिरिंजमधून पारदर्शक जेल पिळलं. पुदिन्याचा वास आला. अहो, कोटिंग कारखान्यात चढतं, माल सीलबंद निर्जंतुक डबीत येतो. खुर्चीशेजारी पिळतात ते कोटिंग नव्हे, ब्रेडवरचं लोणी! हे मला कळू नये? जबडा बधिर, तोंडात सक्शनची नळी, बोलणार काय? हात मात्र मोकळे होते.

आठ महिन्यांत पू. दुसऱ्या डॉक्टरांनी हिरडीला लावायला जेल दिलं : तोच वास, मेडिकलमध्ये 110 रुपये. त्यांनी विचारलं, “स्क्रू कुठल्या कंपनीचा? स्टिकर?” इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, माप, लॉट नंबरचं स्टिकर असतं, एक आपल्या फाइलला लावून घ्यायचंच. कंपनी कळल्याशिवाय स्क्रू फिरवायला कोणता पेचकस बसेल तेही सांगता येईना.

तक्रारीला गेलो. चौकीत म्हणाले, हे सिव्हिल आहे. एका कार्यालयात म्हणाले, औषध नाही, उपकरण आहे, पलीकडच्या टेबलावर जा. पलीकडचे साहेब मीटिंगला. तिसऱ्या ठिकाणी प्रतिज्ञापत्र, पाच प्रती, त्याही निळ्या शाईत. चौथ्यांदा गेलो तेव्हा तिथला बाबू म्हणाला, “काका, दात तर आहेत ना तोंडात?” पगार कशाचा घेतात ही माणसं?

शेवटी ग्राहक आयोगाचा अर्ज भरतोय. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षं. 1915 वर आधी फोन करा. क्लिनिकशी यापुढे तोंडी काही बोलू नका, सगळं लेखी.

परवा फाइल लावताना ते लाइफटाइम कार्ड पुन्हा पाहिलं. सोनेरी कडा आहे. मागे ‘लॉट नं.’ असा छापील रकाना आहे. कोरा.