स्टेटसेक: हॅरिंग्टन सिरीज इतके महिने ऐकल्या-वाचल्यानंतरचा अनुभव

दिवाळीत सुरू केलेली डेव्हिड वेबरची ऑनर हॅरिंग्टन ही अवकाशयुद्धाची सिरीज आत्ता पावसाच्या तोंडावर नवव्या भागापर्यंत आली, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू. आमचं अमळनेरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, हात कॉइलमध्ये आणि कान रिकामे, त्यामुळे दिवसा ऑडिओ आणि रात्री गच्चीवर मोबाईलवर पुस्तक असं चाललं. पहिलं पुस्तक 1993 चं, बेन प्रकाशनाने ते बरीच वर्षं फुकट ठेवलं होतं, बरेच जण तिथूनच लागले या नादाला.

हिरोईन ऑनर, म्हणजे नौदलातली अधिकारी, तिची अवकाशातली जहाजं, तिचं खांद्यावर बसणारं सहा पायांचं ट्रीकॅट यावर भरपूर लोकांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते शत्रूपक्षाच्या गुप्त पोलिसांवर, म्हणजे ऑफिस ऑफ स्टेट सिक्युरिटी, सगळे स्टेटसेक म्हणतात ते. कथानक फुटणार आहे पुढे, ज्यांना कोरं वाचायचंय त्यांनी इथेच थांबा.

थोडक्यात असं की ऑनरच्या देशाचा शत्रू म्हणजे हेवन नावाचं मोठं राज्य, तिथे घराणेशाहीवाल्या बड्या लोकांची सत्ता, गरिबाला सरकारी भत्ता आणि तोंड बंद. तिसऱ्या भागात (द शॉर्ट व्हिक्टोरियस वॉर, 1994) रॉब पिअर नावाचा माणूस ती सत्ता उलथवतो आणि कमिटी ऑफ पब्लिक सेफ्टी आणतो. हे सगळं फ्रेंच राज्यक्रांतीवरून उचललेलं आहे, 1793 ची ती कमिटी, तिचे रोबेस्पिएर, सेंट-जस्ट, नावंसुद्धा लपवलेली नाहीत. आता बघा, उठाव यशस्वी कसा होतो, तर जुन्या गुप्त पोलीस खात्यातला दोन नंबरचा माणूस ऑस्कर सेंट-जस्ट आतून फुटलेला असतो म्हणून. ज्या खात्याने सत्तेची राखण करायची त्याच खात्याने ती विकली. मग हाच माणूस नवीन खातं उभं करतो आणि त्याला आयुष्यभर एकच भीती, की मी केलं ते दुसरा कोणीतरी माझ्यासोबत करेल. अख्खी स्टेटसेक या भीतीवर उभी आहे आणि मला ही सिरीज आवडली ती मुख्यतः यासाठी.

पद्धत अशी की प्रत्येक लढाऊ जहाजावर कॅप्टनसोबत एक जनता कमिशनर. कॅप्टनच्या हुकुमाला त्याची संमती लागते आणि वर रिपोर्ट त्याचा जातो. हरलात तर तुम्हाला शिक्षा आणि घरच्यांनाही. कमिशनर ही काही हवेतली कल्पना नाही बरं का भाऊ, रशियाच्या लाल सैन्यात 1918 पासून हे होतेच, आणि 1942 च्या ऑक्टोबरमध्ये ऐन स्टालिनग्राडच्या लढाईत त्यांचा तो दुहेरी अधिकार काढून घ्यावा लागला, कारण एका तुकडीला दोन मालक असले की लढाई होत नाही. वेबरने ही गोष्ट अवकाशात नेलीय आणि फार नीट नेलीय.

यातली खरी गंमत मला दुकानात बसूनच कळली. आमच्याकडं हेल्परला तुम्ही जास्त दम दिला ना, तर कॉइलचे टर्न चुकले तरी तो सांगत नाही, वरून वार्निश मारून मोकळा, मोटर टेस्टिंगला फिरते पण, आणि मग चार दिवसांनी शेतकऱ्याच्या विहिरीवर जळते. स्टेटसेकचं नेमकं हेच होतं. सातव्या भागात (इन एनिमी हँड्स, 1997) ऑनर पकडली जाते. पकडणारा टूरव्हील हा सैनिकी रीत पाळणारा माणूस, तिला युद्धकैद्यासारखं वागवायला बघतो, पण प्रचारखात्याची कॉर्डेलिया रॅन्समला तिला फाशीच द्यायचीय, म्हणून ती तिला टेपेस नावाच्या स्टेटसेकच्या जहाजावरून घेऊन जाते. तिथे हार्कनेस नावाचा जुना खट नौसैनिक फितूर झाल्याचं नाटक करून जहाजाच्या कॉम्प्युटरमध्ये शिरतो आणि शेवटी जहाजच उडतं, रॅन्समसकट. आता राजधानीत बसलेल्यांना वाटतं सगळेच मेले. पण जहाज गेलं हे कबूल कसं करायचं, म्हणून ते ऑनरला फाशी दिल्याचा खोटा व्हिडिओ बनवून जगभर दाखवतात! ही वार्निश. आणि बाई जिवंत आहे, त्यांच्याच तुरुंगाच्या ग्रहावर उतरलेली आहे.

तो तुरुंग, हेडीस, सगळे त्याला हेलच म्हणतात, यावर आठव्या भागाचा (एकोज ऑफ ऑनर, 1998) निम्मा जीव आहे आणि मला सगळ्यात भारी तोच भाग वाटला. कुंपण नाही, कॅम्पांवर पहारा नाही. कारण त्या ग्रहावरचं झाडपान, प्राणी काहीच माणसाच्या पोटाला चालत नाही, खाल्लं तरी अंगी लागत नाही, त्यामुळे सगळं अन्न एका बेटावरच्या मुख्य तळावरून विमानाने येतं. कॅम्पने आगाऊपणा केला की पुढची खेप बंद, बस्स. गोळीही घालावी लागत नाही. मी हे ऐकत होतो तेव्हा हातातला तांब्याचा तार तसाच राहिला. त्यात ग्रहाचा पत्ता इतका गुप्त की त्यांच्या स्वतःच्या नौदलालाही दिलेला नाही. आणि याच गुप्ततेमुळे ऑनर तळ ताब्यात घेते तरी राजधानीला कितीतरी काळ खबरच लागत नाही, येणारी जहाजं एकामागून एक तिच्याच हाती पडतात. लपवायची सवय इतकी लागली की यांचं यांनाच दिसेना.

तिथे वर्षानुवर्षं कुजलेले कैदी आपापली शिस्त धरून आहेत, सुटल्यावर जुलमी पहारेकऱ्यांना तिथल्या तिथे न मारता रीतसर खटले चालवायचे यावर ऑनर अडून बसते, हे मला फार भिडलं. आमच्या अमळनेरच्या शाळेत शिक्षक असलेले साने गुरुजी 1932 ला धुळ्याच्या तुरुंगात होते, विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि गुरुजी लिहून घ्यायचे, ती गीता प्रवचनं आज घराघरात आहेत. तुरुंगात माणसं काय टिकवून ठेवतात यावर इकडच्या माणसाला वेगळं सांगायला लागत नाही, म्हणून वेबरची ही पानं मला खोटी वाटली नाहीत.

पण स्टेटसेकमधली माणसं सगळीच एवढी चांगली उतरलेली नाहीत, हेही सांगतो. तुरुंगावरचे पहारेकरी बहुतेक नुसते विकृत, रॅन्सम तर किंचाळण्यापुरतीच. असल्या लोकांना हरवण्यात काय मोठेपणा. उलट सेंट-जस्ट बघा, बारीक अंगाचा, शांत, आवाज चढत नाही, स्वतःसाठी काही मागत नाही, पिअरशी शेवटपर्यंत इमानदार. हजारो माणसं मारायची फाईल तो अशी हातावेगळी करतो की जणू बदलीची ऑर्डर. नवव्या भागात (अ‍ॅशेस ऑफ व्हिक्टरी, 2000) हेवनचीच अ‍ॅडमिरल मॅक्वीन बंड करते, पिअर त्यात मरतो, आणि हा माणूस आपल्याच सैन्याच्या मुख्यालयाखाली आधीच पेरून ठेवलेला अणुबॉम्ब उडवतो, आजूबाजूच्या शहरासकट. मला त्या रात्री पुढे वाचवलं नाही. पहारेकऱ्यांच्या सगळ्या क्रौर्यापेक्षा हा एक शांत माणूस जास्त भयंकर आहे.

आणि कमिशनर लोक! यांच्यासाठी तरी वाचाच. एलॉइज प्रिचर्ट ही अ‍ॅडमिरल जिस्कार्डवर नजर ठेवायला नेमलेली आणि दोघांचं एकमेकांवर प्रेम. ते लपवायला ती चारचौघांत बर्फासारखी वागते, रिपोर्टमध्ये त्याच्या कुरबुरी लिहिते पण असं बेताने लिहिते की कामाचा माणूस आहे हेही वर पोचावं. एकेक वाक्य तोलून, कारण एक शब्द जास्त पडला तर दोघंही गेले. टूरव्हीलवरचा हॉनेकर आधी कडक असतो, मग सोबत लढाया बघता बघता हळूहळू काही गोष्टी त्याला दिसेनाशा होतात. आणि टूरव्हीलच्याच हाताखालची अधिकारी शॅनन फोरेकर, आपल्या कामात बुडालेली, राजकारण न कळणारी पोरगी, तिचा संयम सुटल्यावर काय होतं ते नवव्याच्या शेवटाला बघा, अटक करायला आलेल्या स्टेटसेकच्या जहाजांचं ती जे करते ते मी परत परत ऐकलं. हेवनचाच अ‍ॅडमिरल थीसमन, त्याचं आणि सेंट-जस्टचं सांगत नाही, ते स्वतःच वाचा.

त्रास कशाचा झाला तर लांबीचा. मिसाईल किती वेगाने, किती अंतरावरून, याची पानंच्या पानं, मीटिंगमध्ये एकेक माणूस भाषण दिल्यासारखा बोलतो. वाचताना उड्या मारता येतात, ऑडिओत फसता. म्हणून लढाया ऑडिओवर आणि हेवनच्या राजधानीतले भाग डोळ्यांनी वाचायचे असं मी ठरवलं, ते जमलं. इंग्रजी अवघड नाही पण नावं फार, सुरुवातीला कागदावर लिहून ठेवा.

फक्त स्टेटसेकसाठी वाचायचं असेल तर तिसरा, सातवा, आठवा, नववा एवढं पुरे, मधले नंतर वाचले तरी बिघडत नाही. आणि नववा झाल्यावर चेंजर ऑफ वर्ल्ड्स (2001) या संग्रहातली एरिक फ्लिंटची फ्रॉम द हायलँड्स ही कथा सोडू नका. त्यात व्हिक्टर कॅशा (Cachat) नावाचा स्टेटसेकचाच तरुण अधिकारी आहे, गरीब वस्तीतून आलेला, क्रांतीवर मनापासून विश्वास ठेवणारा, आणि आपला साहेब काय करतोय ते कळल्यावर तो काय करतो ते आहे. तो पोरगा वेबरच्या मोठ्या पुस्तकांत आधीच हवा होता असं मला सारखं वाटून राहिलंय. सध्या त्याच्यासाठीच क्राउन ऑफ स्लेव्हज (2003) लावलंय.