फ्लाइटरडार२४ : वैमानिकाच्या घरच्यांनी काय बघावं आणि काय सोडून द्यावं

वैमानिकाशी लग्न झालेल्या माणसाच्या फोनमध्ये रोस्टरचा, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकाचा स्क्रीनशॉट असतो आणि बहुधा फ्लाइटरडार२४ हे विमानं नकाशावर दाखवणारं अ‍ॅप असतं. रोस्टर कंपनीचं, त्यावर आपलं काही चालत नाही. अ‍ॅप मात्र आपल्या हातात आहे, आणि बऱ्याच घरांत ते नको त्या कामाला जुंपलं जातं. नकाशावर पिवळं विमान सरकताना बघत बसून काळजी कमी होत नाही. आज जेवायला घरी की नाही, मुलांना जागं ठेवायचं की झोपवायचं, उद्या पालकसभेला कोण जाणार, असल्या प्रश्नांची उत्तरं काढायला मात्र या अ‍ॅपसारखं साधन नाही. तेवढ्यासाठी त्याची मोफत आवृत्ती पुरते.

आधी ते चालतं कसं, हे समजून घेतलेलं बरं, कारण निम्मी घबराट तिथेच संपते. विमान आपलं ठिकाण, उंची आणि वेग १०९० मेगाहर्ट्झवर सतत सांगत असतं. जमिनीवरचे रिसीव्हर ते ऐकतात. यातले पुष्कळसे हौशी लोकांनी स्वतःच्या गच्चीवर लावलेले आहेत. विमान उंचावर असेल तर एक रिसीव्हर साधारण ३०० ते ४०० किलोमीटरपर्यंतचं ऐकतो. त्यामुळे अरबी समुद्रावर किंवा पोर्ट ब्लेअरच्या वाटेवर सिग्नल तुटतो आणि अ‍ॅप अंदाजाने विमान पुढे सरकवत राहतं. पाकिस्तानचं आकाश एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना बंद झाल्यापासून दिल्लीहून युरोपला जाणारी त्यांची उड्डाणंही दक्षिणेकडून समुद्रावर वळसा घेतात, म्हणून त्यांच्याही मार्गात अशी पोकळी दिसते. ती पोकळी रिसीव्हरची आहे, विमानाची नाही.

शोधताना फ्लाइट नंबर टाकावा, व्हीटी-ने सुरू होणारा विमानाचा नोंदणी क्रमांक नको. एकाच दिवसात मुंबई–दिल्ली–मुंबई–नागपूर असे सेक्टर, म्हणजे उड्डाणाचे टप्पे असतील, तर मधे वैमानिकाचं विमान बदलू शकतं. सकाळच्या विमानाचा माग काढत राहिलात तर संध्याकाळी तुम्ही भलत्याच कुणाच्या नवऱ्याची वाट बघत असाल. वैमानिक त्या फ्लाइटवर नुसता प्रवासी म्हणून पोझिशनिंगला जातोय का, हेही रोस्टरमध्ये बघून घ्यावं.

रोस्टरच्या वेळा पुष्कळदा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात, आणि इथे तारखेचा घोळ ठरलेला. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे यूटीसीचे १८:३० झाले की आपल्याकडे मध्यरात्र. रोस्टरवर १४ तारखेला १९:१० लिहिलं असेल तर ते उड्डाण आपल्या १५ तारखेला पहाटे १२:४० चं. फॅमिली कॅलेंडरमध्ये नोंद करताना १८:३० नंतरच्या प्रत्येक वेळेला तारीख एकने पुढे न्यायची. लग्नाचे मुहूर्त आणि रेल्वेची तिकिटं इथेच चुकतात.

आता या अ‍ॅपचं खरं कसब. संध्याकाळी सातची मुंबई–कोची फ्लाइट आहे असं समजा. त्या फ्लाइटचं पान उघडून नेमलेल्या विमानाचा व्हीटी- क्रमांक बघायचा, त्यावर टिचकी मारायची आणि ते विमान आत्ता कुठे आहे ते पाहायचं. पावणेसातला ते भोपाळच्या आसपास असेल, तर मुंबईला उतरायला त्याला आणखी पाऊण तास ते एक तास लागणार. उतरून प्रवासी काढणं, सफाई, इंधन, नवे प्रवासी यात आणखी ३० ते ४५ मिनिटं. म्हणजे सातचं उड्डाण आठच्या आत होत नाही, साडेआठही वाजू शकतात, मग विमान कंपनीच्या मेसेजमध्ये काहीही लिहिलेलं असो. परतीचा सेक्टरही तेवढाच ढकलला जातो. एवढं गणित दोन मिनिटांत होतं आणि रात्रभराचं ताटकळणं वाचतं. फक्त कंपनी शेवटच्या घटकेला विमान बदलू शकते, म्हणून तासाभराने क्रमांक पुन्हा तपासावा.

उशीर एका मर्यादेपलीकडे गेला तर वैमानिकाच्या ड्युटीचे तास भरतात आणि डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या नियमाने त्याला पुढचं उड्डाण करता येत नाही. मग मुक्काम बाहेरगावी. शेवटचा सेक्टर दोन तासांहून जास्त लांबलेला दिसला की आजची रात्र एकट्याने निभावायची तयारी ठेवलेली बरी. आठवड्याची विश्रांती जुलै २०२५ पासून ३६ ऐवजी ४८ तासांची झाली, हे चांगलंच झालं; पण ते तास ड्युटी संपल्यावर मोजायला सुरुवात होते. म्हणून सुट्टीच्या पहिल्या संध्याकाळी बारसं, गृहप्रवेश असलं काही ठरवू नये. ठरवायचंच असेल तर त्या फ्लाइट नंबरचा मागच्या सात दिवसांचा इतिहास बघावा, तो मोफत दिसतो. वेळापत्रकात २१:१० असलेली फ्लाइट आठवड्यात पाच वेळा दहानंतर उतरत असेल, तर आपल्यासाठी तिची वेळ दहानंतरचीच.

‘लँडेड’ म्हणजे चाकं धावपट्टीला लागली, एवढंच. त्यानंतर टॅक्सी, म्हणजे विमानाचं धावपट्टीवरून थांब्यापर्यंत चालत जाणं, मुंबईत पाच ते वीस मिनिटं. मग प्रवासी उतरणं, टेक लॉग (विमानाची तांत्रिक नोंदवही), कागदपत्रं, आणि बरोबरच्या क्रूसह सामायिक गाडी, जी तुमच्या घराआधी आणखी दोन घरं घेते. देशांतर्गत उड्डाणाला लँडिंगनंतर किमान एक तास आणि वर रस्त्याचा वेळ धरावा. परदेशातून आल्यावर इमिग्रेशन, कस्टम्स आणि उतरल्यावरची श्वासचाचणी असते, म्हणून दीड तास. कुकर ‘लँडेड’ दिसल्यावर लावला तरी जेवण वेळेआधीच तयार असतं.

विमानतळाचा कोडही नीट वाचावा. नवी मुंबईहून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणं सुरू झाली. तिथला कोड एनएमआय, सहारचा बीओएम. दिवस एकीकडे सुरू होऊन दुसरीकडे संपला तर गाडी एका पार्किंगमध्ये आणि माणूस दुसऱ्या शहरात. गोव्यातही जीओआय म्हणजे दाबोळी आणि जीओएक्स म्हणजे मोपा. मडगावला घर असणाऱ्याला हा फरक रात्री चांगलाच जाणवतो.

भीती वाटावी असं काय काय दिसतं आणि त्याचा अर्थ काय, हे घरातल्या मोठ्यांनाही एकदा समजावून ठेवावं. विशेषतः सासूबाईंच्या फोनमध्ये अ‍ॅप असेल तर. लंबगोल घिरट्या म्हणजे होल्डिंग, उतरायची पाळी येईपर्यंत हवेत थांबणं. एक फेरी साधारण चार मिनिटांची, आणि सहारच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने गर्दीच्या वेळी ते रोजचंच. धावपट्टीजवळ येऊन विमान पुन्हा वर चढलं तर तो गो-अराउंड. पावसाळ्यात तो नेहमीचा, आणि तो करणारा वैमानिक नियमाप्रमाणेच वागत असतो. अहमदाबाद, हैदराबाद किंवा नागपूरकडे वळलेलं विमान म्हणजे डायव्हर्जन: इंधन घेऊन परत येणं किंवा मुक्काम, दोन्ही शक्य. विमान अचानक भलतीकडे उडी मारताना दिसलं, तर बहुधा त्या भागात जीपीएसमध्ये अडथळा आहे. आणि ७७००, म्हणजे आणीबाणीचा ट्रान्सपाँडर कोड, लावलेलं विमान लाल दिसतं. प्रवाशाला बरं नसलं तरी हा कोड लावला जाऊ शकतो. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन ७७०० च्या सूचना बंदच कराव्यात. जगात कुठे ना कुठे कुणीतरी तो लावत असतं, आणि वैमानिकाच्या घरात रात्री अडीचला तशी सूचना वाजण्याचा काही उपयोग नाही.

१२ जून २०२५ च्या अहमदाबादच्या अपघातानंतर अनेक वैमानिक कुटुंबांनी हे अ‍ॅप अक्षरशः उशाला घेतलं. ते साहजिक होतं. पण त्याच दिवसातून या अ‍ॅपची मर्यादाही कळते. उड्डाणानंतर काही सेकंदांतच सिग्नल बंद झाला होता आणि शेवटची नोंद ६२५ फुटांची होती. विमानतळावर जमिनीलगतचा सिग्नल तुटक मिळाला होता, त्यावरून विमानाने धावपट्टीचा थोडाच भाग वापरला असा समज पसरला. नंतर फ्लाइटरडार२४ नेच जास्तीचा डेटा तपासून सांगितलं की विमान पूर्ण लांबीच्या धावपट्टीवरून निघालं होतं. नकाशावरून निष्कर्ष काढणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशांना घरात थारा देऊ नये, मुलांसमोर तर अजिबात नाही.

पैसे भरावेत का? सिल्व्हरमध्ये ९० दिवसांचा आणि गोल्डमध्ये ३६५ दिवसांचा इतिहास मिळतो, गोल्डमध्ये हवामानाचे थरही आहेत. घरच्यांना यातलं फारसं लागत नाही. जाहिरातींचा जाच होत असेल तर सिल्व्हर घ्यावं, त्यापुढे नको. मुलांसाठी मात्र फोन आकाशाकडे धरून वरचं विमान ओळखायची सोय सुंदर आहे. आई किंवा बाबा नेमकं काय करतात हे चार वर्षांच्या मुलालाही त्यातून कळतं. ‘बाबा आज अमुक फ्लाइटवर’ असा स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नये. घरात कोण किती वेळ नाही, हे त्यातून सगळ्यांना कळतं.

सूचना ठेवायचीच तर आपल्या फ्लाइट नंबरच्या लँडिंगची ठेवावी, आणि रात्री तीही निःशब्द. लेओव्हरला, म्हणजे बाहेरगावच्या मुक्कामाला विमान उतरल्याचं दिसलं म्हणून लगेच फोन करू नये. हॉटेलला पोचून झोप लागायला तास-दीड तास जातो, आणि पहाटे दोन ते सहा ही शरीराची सगळ्यात सुस्त वेळ. त्या वेळात काम करून आलेल्या माणसाची पहिली झोप मोडली, तर ती त्या दिवशी भरून निघत नाही. उतरल्यावर एक शब्दाचा मेसेज त्याने किंवा तिने करायचा, आणि बोलणं उठल्यावर, हे दोघांनी आधीच ठरवून घ्यावं. गॅस संपला, शाळेची फी भरायची, हे सगळं तोवर थांबू शकतं.