मसाई मारातील ‘इको कॅम्प’च्या नावाखाली ₹3,86,000 ची फसवणूक

सहलींच्या नावाने लोकांना कसे गंडवले जाते, हे वाचकांना ठाऊक आहे, त्यामुळे ते सगळे पुन्हा सांगत बसत नाही. आमच्या बाबतीत नवे एवढेच होते, की या लबाडीला पर्यावरणप्रेमाचा मुलामा दिलेला होता. ऑगस्ट 2024 मध्ये केनियातील मसाई मारा अभयारण्यात, टांझानियातील सेरेंगेटीतून येणारे विल्डेबीस्ट या हरणवर्गीय प्राण्यांचे कळप पाहण्यासाठी, मी आणि माझे पती गेलो. विमानभाडे वगळून दोघांचे ₹3,86,000 आम्ही ठाण्यातील एका सहल एजंटला दिले: मार्चमध्ये ₹1,50,000 आगाऊ आणि जूनमध्ये उरलेले ₹2,36,000. यात ‘कार्बन व मसाई समुदाय निधी’ या नावाखाली घेतलेले ₹24,000 ही होते, ज्यांची पावती आजतागायत मिळालेली नाही.

तालेक नदीच्या काठी, अभयारण्याच्या हद्दीत, सिमेंटचा कणही न वापरता उभारलेले आणि केवळ सौरऊर्जेवर चालणारे तंबू, फिरायला लँड क्रूझर आणि सर्व प्रवेशशुल्क समाविष्ट, असे लेखी आश्वासन होते. प्रत्यक्षात आम्हाला नेले ते अभयारण्याच्या सेकेनानी गेटच्या बाहेर, रस्त्यालगतच्या एका आवारात. तंबू पक्क्या सिमेंटच्या ओट्यावर, वर पत्रा, आणि त्या पत्र्याखाली कापड ताणून बसवलेले. संध्याकाळी सहा वाजता डिझेलचा जनरेटर सुरू झाला आणि त्याचा धूर थेट आमच्या तंबूत शिरू लागला. स्वयंपाकघरामागे कचरा जाळलेला होता आणि त्या राखेत अर्धवट वितळलेल्या पाण्याच्या बाटल्या मारबू करकोचे चोचीने उलथत होते. केनियात 28 ऑगस्ट 2017 पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि 5 जून 2020 पासून संरक्षित क्षेत्रांत एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकवरही बंदी आहे. आमचा ‘इको’ कॅम्प मात्र गेटच्या बाहेर असल्याने या दुसऱ्या नियमातून अलगद सुटलेला होता.

एजंटला फोन केला तेव्हा त्याचे उत्तर तयारच होते. “मॅडम, हा इको कॅम्प आहे, इथे हॉटेलसारखं नसतं.” गरम पाणी नाही, कारण इको. रात्री दहानंतर दिवे नाहीत, कारण इको. लँड क्रूझरऐवजी छत वर उचलता येणारी जुनी मिनी व्हॅन का, तर इंधन कमी लागते. जी जी गोष्ट त्याने दिली नाही, ती ती त्याने निसर्गासाठी वाचवली होती! ज्यांचे पर्यावरणाशी खरोखर देणेघेणे असते ते कॅम्प बादलीच्या शॉवरला का होईना, वेळेवर गरम पाणी देतात आणि सांडपाणी कुठे मुरते तेही दाखवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर खरा दणका बसला. आमचे प्रवेशशुल्क कोणी भरलेलेच नव्हते. 2024 मध्ये जुलै ते डिसेंबरच्या हंगामात परदेशी प्रौढ पर्यटकासाठी हे शुल्क माणशी 200 डॉलर होते, आणि तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढ्यापुरतेच चालत होते. दोघांचे दोन दिवसांचे 800 डॉलर मी कार्डाने भरले. बँकेच्या आकारासह ₹69,510 खात्यातून गेले. न भरता काय करणार होतो? एवढ्या लांब येऊन गेटवरून परत फिरणार होतो का? कॅम्पच्या मॅनेजरने दाखवलेल्या व्हाउचरवर ‘प्रवेशशुल्क वगळून’ असे स्वच्छ लिहिलेले होते आणि दोघांच्या एका रात्रीचा दर 140 डॉलर होता, म्हणजे तीन रात्रींचे जेमतेम ₹35,000. एजंटने याच मुक्कामाचे आमच्याकडून ₹1,62,000 घेतले होते.

आता ज्या गोष्टीची आठवण झाली की आजही अंगाचा तिळपापड होतो, ती सांगते. माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर तंबूचे छायाचित्र होते आणि तंबूच्या मागे बर्फाची टोपी घातलेला किलिमांजारो. मसाई मारातून किलिमांजारो दिसत नाही; तो तिथून सुमारे 300 किलोमीटरवर, टांझानियात आहे. तसे दृश्य दिसते केनियातल्याच अंबोसेली उद्यानातून. ते छायाचित्र मी कौतुकाने नातेवाइकांना पाठवले, आणि त्यांतील एकालाही शंका आली नाही. आफ्रिकेच्या प्रत्येक जाहिरातीत तोच डोंगर असेल, तर सामान्य माणसाने नकाशा उघडून अंतर मोजावे अशी अपेक्षा कोणी कशी करावी? दुसरी खूण त्याहून उघड होती. परदेशी सहलीचे पॅकेज विकणाऱ्याने तेव्हाच्या नियमाने 5 टक्के टीसीएस (ग्राहकाकडून घेऊन सरकारकडे भरायचा आगाऊ प्राप्तिकर), म्हणजे ₹19,300, गोळा करणे बंधनकारक होते. हा गृहस्थ म्हणाला, “ताई, तुमचा टीसीएस मी वाचवून देतो,” आणि पैसे एका व्यक्तीच्या बचत खात्यात मागवले. मी आयुष्यभर लेखापरीक्षणाची नोकरी केली आहे. परंतु तो माणूस आमच्याच सोसायटीतील दोन कुटुंबांना पूर्वी सिंगापूरला सुखरूप नेऊन आणणारा होता, त्यामुळे विश्वास ठेवण्यात गैर काहीच नव्हते. तुम्ही मात्र टीसीएस न घेणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. ती रक्कम विवरणपत्रात वळती होते, तिच्यात वाचवण्यासारखे काही नसतेच.

परतल्यावर पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने कागद न उघडताच हे दिवाणी प्रकरण असल्याचे सांगितले. फसवणूक केनियात झाली म्हणून केनियात तक्रार करा, असेही सुचवले, जणू नैरोबी कल्याणच्या पुढचे स्टेशन आहे. पैसे ठाण्यात दिले, खाते ठाण्यातले, एजंट ठाण्यातला, हे सांगून घसा कोरडा झाला. एजंटचे कार्यालय दुसऱ्या हद्दीत येते म्हणून तिकडे पाठवले. तिकडून, तुम्ही राहता तिथे जा, म्हणून परत. हद्दीबाहेरचा गुन्हाही नोंदवून घ्यावा लागतो, हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये लिहिलेले आहे. ते कलम मी छापून नेले, तर ‘मॅडम वकील आहेत का?’ अशी विचारणा झाली. बँकेने, पैसे तुम्ही स्वेच्छेने पाठवले, असे एका ओळीत कळवले. एका सरकारी हेल्पलाइनने तक्रार ‘संबंधितांकडे पाठवली’ आणि त्याच संदेशात ती निकाली काढली. संबंधित म्हणजे तोच एजंट, ज्याने तोवर फोन बंद केला होता.

अखेर जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदार जिथे राहतो तिथे दावा करता येतो आणि ₹5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे, तेव्हा पोलिसांच्या भरवशावर ती घालवू नका. माहितीपत्रकावर ‘गोल्ड’ मानांकनाचा शिक्काही होता. असे शिक्के इकोटुरिझम केनिया ही संस्था ब्राँझ, सिल्व्हर आणि गोल्ड अशा श्रेणींत देते, आणि आमचा कॅम्प तिच्या यादीत नव्हताच. पैसे देण्यापूर्वी कॅम्पला स्वतः ईमेल करून आपल्या नावाचे आरक्षण कोणत्या तंबूचे आहे आणि प्रवेशशुल्क कोण भरणार, हे लेखी मागवा. आयोगाच्या पहिल्या तारखेला समोरचा पक्ष आला नाही. त्याच आठवड्यात त्याने नव्या नावाने पुढच्या हंगामाची जाहिरात काढली आहे, दर दोघांमागे ₹4,10,000, टीसीएसचा उल्लेख नाही.