किमाई की अ‍ॅक्टिव्हिटीवॉच?

सहा जणांच्या टीमच्या कामाच्या वेळेची नोंद ठेवायला यातलं कोणतं सॉफ्टवेअर घेऊ, असं मैत्रिणीने विचारलं. दोन्ही मुक्त स्रोत, दोन्ही फुकट.

किमाईला पीएचपी (वेबसाइटसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा) आणि डेटाबेस असलेला सर्व्हर लागतो, शिवाय अपडेट-बॅकअप सांभाळणारं माणूस. अ‍ॅक्टिव्हिटीवॉच ज्याच्या त्याच्या संगणकावर टाकलं की झालं.

खरा फरक नोंदीत आहे. किमाईत काम सुरू करताना आणि थांबवताना बटण आपण दाबायचं. विसरलो तर संध्याकाळी आठवून भरायचं. अ‍ॅक्टिव्हिटीवॉच समोरची विंडो आपोआप टिपतं, पण ३ मिनिटं कीबोर्ड-माउस शांत राहिला की माणूस जागेवर नाही असं धरतं. कागदावर आराखडा काढणाऱ्याचा तास असा बुडतो, हे मला अन्यायाचं वाटतं. नोंदी मात्र ज्याच्या त्याच्या यंत्रावरच राहतात, हे फार चांगलं.

ग्राहकाला तासांवर बिल लावायचं तर किमाईच. आपला दिवस कुठे जातो हे ज्याचं त्याला पाहायचं असेल तर अ‍ॅक्टिव्हिटीवॉच.