इंजेक्शन उत्तम, खड्ड्याचं तुमचं तुम्ही बघा

रत्नागिरी तालुक्यात घरी येऊन म्हाताऱ्या किंवा बरं न होणाऱ्या कुत्र्याला शेवटचं इंजेक्शन देणाऱ्या एका सेवेबद्दल हे लिहितोय. पाचपैकी चार तारे. कापलेला एक इंजेक्शनसाठी नाही, त्यानंतरच्या दोन तासांसाठी आहे.

आदल्या दिवशी डॉक्टर एक कागद भरायला देतात. पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची ही सात प्रश्नांची पट्टी: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला शून्य ते 10 गुण, म्हणजे एकूण 70. 35 च्या वर बेरीज असेल तर सांभाळत राहायला हरकत नाही. घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळा भरायचा, ही त्यांची युक्ती चांगली आहे. रात्री उठून कुत्र्याची कूस बदलणाऱ्या माणसाचे गुण बाकीच्यांपेक्षा कमी निघतात, आणि खरे तेच असतात. एक प्रश्न मात्र ते स्वतःहून विचारत नाहीत: मागच्या दहा दिवसांत कुत्रा कोणाला चावलाय का? चावला असेल तर आधी सांगा. रेबीजसाठी दहा दिवस नजरेखाली ठेवायचं असतं, मधेच इंजेक्शन दिलं तर चावलेल्या माणसाची पंचाईत.

प्रत्यक्ष कामाला त्यांच्याकडून पूर्ण गुण. ओटीवर, उजेडात, कुत्र्याच्या रोजच्या गोणपाटावर. आधी मांडीत झायलाझिन या गुंगीच्या औषधाचं इंजेक्शन, मग दहा-पंधरा मिनिटं थांबणं. या औषधाने कुत्र्याला उलटी होऊ शकते, म्हणून चार-सहा तास आधी पोट रिकामं ठेवायला सांगतात. शेवटचा बांगडा द्यायचा तर सकाळीच द्या, काटे काढून. मान खाली पडली की पुढच्या पायावरचे केस काढतात, मदतनीस कोपराजवळ अंगठ्याने दाबून शीर फुगवतो आणि निळी, 22 गेजची कॅन्युला, म्हणजे औषध सोडायची बारीक नळी, शिरेत जाते. अंगातलं पाणी कमी झालेल्या कुत्र्याची शीर सापडत नाही, तेव्हा पिवळी, 24 ची. मग आधी थोडं सलाइन सोडून बघतात. ही पायरी घाईत गाळणारे असतात, हे गाळत नाहीत. शेवटचं औषध, थायोपेंटोन, फार अल्कली असतं, शिरेबाहेर गेलं तर मांस भाजल्यासारखं होतं. त्याची पिवळसर पूड तिथेच पाण्यात विरघळवतात. मिनिटभरात शुद्ध जाते, मग श्वास थांबतो, मग हृदय. स्टेथोस्कोप पाचेक मिनिटं छातीवरून काढत नाहीत. काही ठिकाणी यावर हृदय थांबवायला पोटॅशियम क्लोराइड देतात. ते खोल भुलीतच द्यायचं, जागेपणी कधीच नाही. कोणाकडूनही करून घ्या, हे विचारायला लाजू नका.

डोळे मिटत नाहीत. एखाद-दोन मोठे उसासे येतात, पाय थरथरतो, लघवी सुटते. हे सगळं हृदय थांबल्यानंतरही होतं आणि डॉक्टर ते आधीच सांगून ठेवतात. लघवी पुसताना हातमोजे घाला. पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टो, म्हणजे लघवीतून पसरणारा ताप, असतोच.

आता खड्डा. सेवेच्या माहितीत ‘पुढील व्यवस्थेसाठी मार्गदर्शन’ असं लिहिलंय. मार्गदर्शन म्हणजे डॉक्टर परड्याकडे बोट दाखवतात. आणि कोकणात खरं काम तिथेच आहे. वीस-पंचवीस किलोच्या कुत्र्याला चार फूट लांब, अडीच फूट रुंद आणि चार फूट खोल खड्डा लागतो. वरची माती वीतभर, खाली जांभा. दोन गडी आणि पहार लावली तरी अर्धा दिवस जातो. म्हणून खड्डा तयार झाल्यावरच डॉक्टरांची वेळ ठरवा. वरच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, कातळच असेल तर खाली आगरात जागा बघा. तिथली पुळण, म्हणजे वाळूची जमीन, खणायला सोपी, पण कडा ढासळतात आणि पावसाळ्यात दोन-तीन फुटांवरच पाणी लागतं. पाण्यात ठेवलेलं शरीर फुगून वर येतं. विहिरीपासून निदान शंभर फूट, आणि उताराच्या खालच्या अंगाला. समुद्राच्या वाळूत पुरू नका, एका उधाणात सगळं उघडं पडतं.

गुंडाळायला जुनी सुती चादर. प्लास्टिक नको, नायलॉनचा पट्टाही काढा. चुना घालायची पद्धत आहे, पण चुन्याने शरीर लवकर कुजत नाही, उलट वेळ लागतो. माती फूटभर चढवून ढीग करा, कारण ती बसतेच, आणि वर चार चिरे आडवे टाका. हे चिरे शोभेचे नाहीत. थायोपेंटोन मेलेल्या शरीरात राहतं. कोल्ह्याने किंवा गावच्या कुत्र्यांनी उकरून खाल्लं तर त्यांनाही विषबाधा होते. रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावला गिधाडं जपण्याचं काम चालतं. अशा भागात उघड्यावर टाकलेलं एक शरीर फार महागात पडेल.

शरीर दोनेक तासांत ताठायला लागतं, त्याआधीच पाय दुमडून झोपल्यासारखं ठेवा, नाहीतर खड्डा पुरत नाही. रात्र काढायची वेळ आली तर बर्फ पोटाशी लावा, आधी तिथूनच बिघडतं. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मासळीचा बर्फ मिळतो, पण 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा आधी फोन करून विचारा. मालाडला मुंबई महापालिकेची प्राण्यांची दहनभट्टी आहे, पण तिनशेवर किलोमीटर उन्हातून न्यायचं, तर गाडीतच वास सुटेल.

पैशांचा हिशेब वजनावर, येण्याजाण्याचे वेगळे, आणि हे फोनवरच स्पष्ट सांगतात. सुया-सिरिंजा परत नेतात. संमतीपत्र मात्र फक्त इंग्रजीत आहे. सही बहुतेकदा घरातल्या आजोबांची असते, आणि त्यांना ते कोणीतरी ओटीवर, कुत्र्याशेजारी बसून मोठ्याने मराठीत समजावत असतं. एक पान मराठीत छापायला काय लागतं?