जिम झकास, भिंतीवरच्या बाँड्सचं काय ते बघा

टिळकवाडीत नवीन जिम झालीय, तीन महिने जातोय म्हणून लिहितोय. मशिनी एक नंबर, पहाटे साडेपाचला शटर वर, एसी नाही पण बेळगावच्या हवेत लागतोय कशाला, फी महिन्याला १२००. पार्किंगची मात्र बोंब, बुलेटवाले आडव्यातिडव्या लावून जातात.

आता ती भिंत. मालकांच्या भावानं अमेरिकेतनं पाठवलेली पोस्टरं लावलीत, वर मोठ्या अक्षरात 'हॉल ऑफ फेम' आणि मधोमध अमेरिकेचा बेसबॉलपटू बॅरी बाँड्स. खानापूर ते निपाणी बेसबॉल कोण बघतंय ओ, पण मला यूट्यूबमुळं नाद लागलाय. तिकडच्या मेजर लीगमध्ये बाँड्सचे ७६२ होमरन (आपल्या सिक्सरसारखा फटका), २००१ ला एकाच सीझनला ७३, आणि खऱ्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, हा गडी नाहीच! बेसबॉल पत्रकारांची ७५ टक्के मतं लागतात, २०२२ ला दहाव्या म्हणजे शेवटच्या वर्षी ६६ वर अडकला, कारण स्टिरॉइडचा संशय. बरं, त्याच साली डेव्हिड ऑर्टिझ हा दुसरा खेळाडू पहिल्याच दमात आत, २००३ च्या ड्रग टेस्टमध्ये सापडलेल्यांच्या यादीत त्याचंही नाव असल्याची बातमी आलेली की. आणि ज्यांच्या कारकिर्दीत हा सगळा धिंगाणा चालला ते लीगचे प्रमुख, कमिशनर बड सीलिग २०१७ लाच आत जाऊन बसले. हा कुठला न्याय?

आपल्या पैलवान नरसिंग यादवचं बघा, तीनदा महाराष्ट्र केसरी, २०१६ ला रिओ ऑलिम्पिकात डोपिंगसाठी चार वर्षांचा बॅन, तो म्हणतोय कुणीतरी खाण्यात घातलं, पण तिथं निदान टेस्टचा कागद तरी होता. बेसबॉलवाल्यांनी टेस्टमध्ये सापडला तर नाव सांगून शिक्षा हे २००४ नंतर सुरू केलं आणि राग सगळा खेळाडूंवर काढला.

तसा बाँड्स काय धुतल्या तांदळाचा नाही. इथला एक ट्रेनर म्हणतो "सर, सगळेच घेत होते", ते मला पटत नाही, आणि हाच माणूस दुसऱ्या आठवड्यात "छोटा कोर्स मारूया का" म्हणून कानाशी आला होता, एक स्टार तिथंच कापला.

मजा म्हणजे बाँड्सनं ज्यावर सगळ्यात जास्त होमरनचं रेकॉर्ड मोडलं तो ७५६ व्या होमरनचा बॉल हॉल ऑफ फेमच्याच म्युझियममध्ये आहे. एकानं साडेसात लाख डॉलरला घेतला, ऑनलाइन मतं मागवली, त्यावर चांदणीचा (*, म्हणजे 'या रेकॉर्डात शंका आहे') शिक्का मारून म्युझियमला देऊन टाकला. बॉल आत, माणूस बाहेर! मला तीच चांदणी बरी वाटते, फोटो लावा पण खाली खूण असू दे. मालकांना तसं म्हटलं तर हसले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी पोस्टरवर खडूनं चांदणी काढलेली, संध्याकाळपर्यंत पुसलेली. मी नाही काढली.

साडेतीन स्टार. पार्किंगचं आधी बघा ओ.